कोरची तालुक्यातल्या एका ग्रामसभेकडून मोहफूल खरेदी : तीन हंगामांचा अनुभव (साडेचार स्टार)

"गडचिरोलीत काहीतरी करायचंय, कोणाला भेटू, कुठल्या ऑफिसात जाऊ" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, कोणाला बांबूचं काम करायचं असतं, कोणाला मध हवा असतो, कोणाकडे कंपनीचे सीएसआरचे (सामाजिक कामासाठी बाजूला काढलेले) पैसे असतात आणि ते नीट जागी लागावेत असं मनापासून वाटत असतं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. आम्ही नागपूरला मोहाचे लाडू, चिक्की आणि काकवीसारखा मोहाचा पाक बनवतो. मी, माझी नणंद आणि चार बायका, एवढंच युनिट. लागणारं सगळं मोहफूल गेले तीन हंगाम कोरची तालुक्यातल्या एकाच गावाच्या ग्रामसभेकडून घेतोय, तर हा रिव्ह्यू त्या ग्रामसभेचा. गावाचं नाव इथे टाकत नाही कारण टाकायचं की नाही हे त्यांना विचारायला हवं आणि त्यांची पुढची बैठक फेब्रुवारीत आहे.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी फाइल घेऊन थेट जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. दोन दिवस या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरले, सगळे चांगलं बोलले, चहा दिला, आणि प्रत्येकाने पुढच्या कोणाचं तरी नाव सांगितलं. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका क्लार्कने माझी फाइल पूर्ण वाचली (त्या तीन दिवसांत पूर्ण वाचणारा तो एकटाच) आणि म्हणाला, मॅडम, मोह जंगलातला, जंगल ग्रामसभेचं, मग तुम्ही आम्हाला काय विचारताय, गावात जा. तो माणूस परत कधी भेटला नाही पण आमचं आज जे काही चाललंय ते त्याच्या त्या एका वाक्यामुळे.

हे असं का, ते थोडक्यात सांगते, कारण हे समजल्याशिवाय तिकडे गेलात तर पहिल्याच बैठकीत चुकीचं बोलून बसाल. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला, १२ तालुके, १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम पावणेअकरा लाख. म्हणजे जागा अफाट, माणसं कमी आणि जिकडे बघाल तिकडे जंगल. तर तिथे विकास म्हणजे काय हा प्रश्न फिरून फिरून जंगल कोणाचं इथेच येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क मागता येऊ लागला, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागायचा, त्यावर गाव अडून बसलं, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्याच गावाची. गावातले नेते देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे जी बैठकीची पद्धत रुजवली, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं, बहुमताने कोणाला दाबायचं नाही, ती आता जिल्हाभर वेगवेगळ्या रूपात दिसते. आज हजाराच्या वर ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. कोरचीत तर तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आहे आणि तिच्यात बायका पुढे आहेत, हे मला सगळ्यात जास्त आवडतं.

अजून एक घोळ सगळ्यांचा होतो, माझाही झाला होता. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा एक नव्हे. एका ग्रामपंचायतीत चार-पाच गावं, टोले (वाड्या) असू शकतात. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या गावांना स्वतःचा कारभार करू देणारा कायदा, १९९६ चा, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ चे, त्यात प्रत्येक गावाची स्वतःची ग्रामसभा असू शकते, तिचा स्वतःचा कोष, तिचं स्वतःचं बँक खातं. सरपंचाला भेटलात म्हणजे गावाला भेटलात असं होत नाही. सरपंचाला जरूर भेटा, मान म्हणून आधी भेटा, पण निर्णय तिथे नाही.

रस्ता सांगून ठेवते. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रम्हपुरी, मग वैनगंगा ओलांडून वडसा, तिथून कुरखेडा आणि पुढे बेडगावचा घाट चढून कोरची. स्वतःची गाडी असली तरी पाच तास धरून चाला. रेल्वे वडशापर्यंतच, पुढे एसटी नाहीतर काळीपिवळी. घाटानंतर मोबाइलला रेंज येते-जाते, गावात एका विशिष्ट चिंचेखाली उभं राहिलं की लागते आणि तिथे कायम दोन-तीन जण फोन वर धरून उभे असतात.

पहिली बैठक समाजमंदिरात होती, संध्याकाळी सातला सांगितलेली, साडेआठला सुरू झाली कारण धानाची मळणी चालली होती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये एक एलईडी बल्ब आणि त्याखाली रजिस्टर. मी वीस मिनिटं बोलले, मोबाइलवर लाडवांचे फोटो दाखवले, सोबत नेलेले लाडू वाटले. लाडू सगळ्यांनी खाल्ले. मग बराच वेळ ते आपसात गोंडीत आणि छत्तीसगढीत बोलत राहिले, मला काही कळत नव्हतं, आणि मग एका आजीने मराठीत एकच प्रश्न विचारला, "किती वर्षं येशील?" मी तयारी करून गेले होते भावाची, क्वालिटीची, पॅकिंगची, आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं आजी, निदान तीन वर्षं नक्की. त्यांनी मान डोलावली, रजिस्टरमध्ये ते लिहिलं गेलं, मला वाचून दाखवलं आणि सांगितलं की आज हो पण नाही आणि नाही पण नाही, पुढच्या महिन्यात या.

तेव्हा मला राग आला होता खरं सांगायचं तर. पाच तास जायचे, पाच तास यायचे, आणि हातात काही नाही. पण त्या प्रश्नामागे काय होतं ते दुसऱ्या खेपेला दिसलं. समाजमंदिराच्या मागच्या पडवीत द्रोण-पत्रावळीचं मशीन आहे, चांगलं दणकट, त्यावर जुनी साडी टाकलेली. कुठल्यातरी संस्थेने की कंपनीने दिलेलं, मोठा कार्यक्रम झाला, फीत कापली, बायकांचे फोटो काढले आणि गेले. मशीन थ्री फेजवर चालतं. गावात थ्री फेज नाही. कोणी विचारलंच नव्हतं. मी साडी उचलून बघितली, हँडलवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. बायका रोज त्याच्या शेजारून पाणी भरायला जातात. ज्यांच्याकडे सीएसआरचे पैसे आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, मशीन ठरवण्याआधी एकदा त्या पडवीत जाऊन उभं राहा.

तिसऱ्या बैठकीत होकार आला आणि त्यासोबत त्यांच्या अटी आल्या. काटा ग्रामसभेचा असेल, आमचा नाही. माल गाडीत चढण्याआधी पैसे खात्यात. भाव हंगामाच्या सुरुवातीला एकदा ठरेल, मग बाजार वर जावो की खाली, दोघांनी पाळायचा. किलोमागे दोन रुपये ग्रामसभेच्या कोषात जातील, ते वेचणाऱ्या बाईच्या पैशातून कापायचे नाहीत, आम्ही वरून द्यायचे. आणि मी जी अट घातली, की झाडाखाली जाळायचं नाही, जाळी लावायची, ती त्यांनी अशी मान्य केली की सगळ्या झाडांना नाही, आधी दहा कुटुंबं करून बघतील. तिथे मोहाची झाडं रिवाजाने कुटुंबांत वाटलेली असतात, हे झाड अमक्याचं ते तमक्याचं, लिहिलेलं कुठे नाही पण सगळ्यांना माहीत. त्यामुळे कुठल्या झाडाचा माल कसा आहे हे थेट त्या घरापर्यंत कळतं, कुठल्याही महागड्या ट्रेसेबिलिटी सॉफ्टवेअरपेक्षा हे भारी आहे.

आता मालाबद्दल, कारण शेवटी खरेदी करणाऱ्याला तेच बघायचं असतं.

मोह गळतो मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे. मी पहिल्या वर्षी मुद्दाम राहिले होते एका घरी. साडेचारला काकूंनी उठवलं, डोक्यावर टोपली, हातात टॉर्च, आणि पायवाटेने निघालो, जंगलात शिरायच्या आधीच तो गोड, थोडा आंबूस वास यायला लागला. झाडाखाली उभं राहिलं की टप टप टप आवाज येत राहतो, थांबतच नाही, आणि फूल म्हणजे पाकळ्याबिकळ्या नाहीत, एक मऊ, गुबगुबीत, मलईच्या रंगाचा मणी, बोटात धरला तर रस लागतो. नेहमीच्या पद्धतीत झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करतात म्हणजे फूल दिसतं आणि पटपट वेचता येतं. यात दोन गोष्टी बिघडतात, फुलाला राख आणि माती लागते, आणि आग कधी कधी पुढे जंगलात जाते. जाळी लावली की फूल जमिनीला लागतच नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवर चार खुंट्या, हिरवी नेट, मधोमध थोडी खोलगट, सकाळी आठ-नऊपर्यंत फुलं मध्ये गोळा झालेली. काकू म्हणाल्या की कंबर वाकवून वेचायचे दोन-अडीच तास वाचतात. हे मी लिहिलेल्या कुठल्याही प्रस्तावात नव्हतं. मी सगळीकडे स्वच्छता, फूड ग्रेड, निर्यात असं लिहीत होते आणि त्यांना जाळी पटली ती कंबरेमुळे.

वाळलेला माल बघा. बाजारात मिळतो तो मोह काळपट, चिकट, हातात घेतला की खडे लागतात, आणि धुतल्याशिवाय वापरूच शकत नाही, धुतला की निम्मी गोडी पाण्यात. यांचा जाळीवरचा माल तांबूस-सोनेरी, मनुकांसारखा, मुठीत दाबून सोडला की सुटा होतो. पहिल्या वर्षी सहा क्विंटल घेतला, त्यात खडा सापडला नाही असं नाही, पण पाच किलोला एखादा. दुसऱ्या वर्षी तोही नाही. वास स्वच्छ, आंबलेला नाही. आमचा पाक आधी गाळायला दोन कापडं लागायची, आता एक लागतं. क्वालिटीला पाचपैकी पाच.

भावाचं म्हणाल तर सरकारने मोहफुलाचा हमीभाव २०२० मध्ये १७ रुपयांवरून ३० रुपये किलो केला होता, आम्ही जाळीच्या मालाला ६० पासून सुरुवात केली, आता त्याहून वर आहोत. महाग वाटेल. पण धुण्याचं, निवडण्याचं, वाया जाण्याचं काढून बघा, आम्हाला परवडतं. गावात आजही कोचिया (घरोघरी फिरून माल घेणारा व्यापारी) येतो, जुन्या बायका सांगतात की पूर्वी मिठाच्या बदल्यात मोह द्यायच्या, मापाला माप. ते ऐकताना मला कसंतरीच झालं होतं. काटा ग्रामसभेचाच असेल, असा त्यांचा हट्ट का ते तेव्हा कळलं.

पेमेंट आणि कागद. ग्रामसभेचं खातं आहे, पॅन आहे, सह्या दोन आणि त्यात एक बाईचीच, हे त्यांनी स्वतः ठरवलंय. पावती मिळते, शिक्क्यासह. बँक तालुक्याला, त्यामुळे पैसे आले का हे बघायला कोणीतरी जाऊन यावं लागतं आणि तो एक दिवस जातो, मेसेज येतो पण चिंचेखाली गेल्यावर. माल नेताना ग्रामसभेचं पत्र, पावती आणि तुमच्या युनिटचे परवाने गाडीत ठेवाच. राज्य सरकारने २०२१ मध्ये मोहफुलावरचे निर्बंध सैल केले आहेत, पण मोहाची दारू काढतात, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि गाडीभर मोह दिसला की विचारणा होतेच, होणारच, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आम्हाला दोनदा थांबवलं, ग्रामसभेचं पत्र दाखवलं, लाडवाचं पाकीट दाखवलं, दहा मिनिटांत सोडलं.

दुसऱ्या वर्षीचा प्रसंग सांगायलाच हवा. ऐन एप्रिलमध्ये अवकाळी आला, दोन रात्री. माल वाळत घातलेला होता, काही घरांनी उचलला, काहींचा भिजला. आमची गाडी ठरलेली होती चार दिवसांनी. भिजलेला मोह पुन्हा वाळवला तर वरून तसाच दिसतो, रंग थोडा गडद, पण आतून आंबलेला असतो, आणि पोत्यात मिसळून दिला असता तर मला नागपूरला पाक उकळेपर्यंत कळलं नसतं. मी गेले तेव्हा दोन ढिगारे वेगळे केलेले होते. हा तुमचा, आणि हा नाही. सत्तर किलो त्यांनी स्वतःहून बाजूला काढला होता, बैठक घेऊन, कुणाच्या घरचा किती हे रजिस्टरला लिहून, आणि ज्या सहा घरांचं नुकसान झालं त्यांना कोषातल्या त्या किलोमागच्या दोन रुपयांतून थोडी भरपाई दिली. म्हणजे जे दोन रुपये मी पहिल्या वर्षी जरा कुरकुरत मान्य केले होते, त्यातूनच माझ्या मालाची खात्री मला मिळाली. मी तिथेच रडले. बायका हसल्या, म्हणाल्या ताई, अजून पाणी नको.

म्हणून ज्यांना घाई आहे त्यांना मी सांगते की तीन बैठका लागल्या हे मी आधी वजाबाकीत धरत होते, आता धरत नाही. जे सगळ्यांसमोर ठरतं ते पाळायला सगळे असतात. ऑफिसात एका साहेबाशी ठरलं तर साहेबांची बदली झाली की संपलं.

आता सरकारी बाजू, कारण पार्टनरशिप म्हटलं की तिचा विचार करावाच लागतो आणि तिथे चांगलं-वाईट दोन्ही आहे. चांगलं आधी. गडचिरोली २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या (केंद्र सरकारने खास लक्ष द्यायला निवडलेल्या मागास जिल्ह्यांच्या) यादीत आहे, त्यामुळे योजनांची कमी नाही. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेच्या निधीतले पाच टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतात, अबंध निधी म्हणतात त्याला, आणि तो कुठे लावायचा ते ग्रामसभा ठरवते. आमच्या गावाने त्यातून छोटं गोदाम बांधायला घेतलं, फरशी उंच, जाळीच्या खिडक्या, कारण दुसऱ्या वर्षीचा पाऊस सगळ्यांच्या लक्षात होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशाला मात्र बांधलेपण आहे, साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच, उरलेले चाळीस गावाच्या गरजेप्रमाणे. तुम्हाला कुठल्याही गावासोबत काम करायचं असेल तर आधी घरबसल्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर त्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा उघडून वाचा, "आमचं गाव, आमचा विकास" खाली जो बनतो तो. गावाने स्वतः काय मागितलंय ते तिथे दिसतं. मी हे दुसऱ्या वर्षी शिकले, आधी वाचलं असतं तर निम्मे प्रश्न विचारावेच लागले नसते. वनधन केंद्राचंही (जंगलातल्या मालावर प्रक्रिया करून विकायची सरकारी योजना) बघून ठेवा, वीस-वीस बायकांचे पंधरा बचत गट मिळून तीनशे जणींचं एक केंद्र आणि त्याला पंधरा लाखांपर्यंत मदत अशी रचना आहे. अर्थात विरळ वस्तीच्या तालुक्यात तीनशे जणी जमवणं म्हणजे दहा-बारा गावं जोडणं, आणि ती जोडायला कोणीतरी पायी फिरावं लागतं.

वाईट म्हणजे वेळ. सोलर ड्रायरचा प्रस्ताव ग्रामसभेने ठरावासह एका कार्यालयात दिला, नाव लिहीत नाही. पाच महिने. पहिल्यांदा गेलो तर साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा साहेब दौऱ्यावर, तिसऱ्यांदा कळलं की ठरावाची प्रत जोडलेली नाही, जी मी माझ्या हाताने जोडली होती. गावातून दोन माणसं प्रत्येक वेळी मजुरी बुडवून आली, एकदा एसटी चुकली म्हणून बसस्टँडवर झोपली. मला चीड आली ती माझ्या वेळेसाठी नव्हती. ज्यांच्या नावाने अख्खी योजना आहे त्यांनी दाराशी बसून राहायचं आणि आतल्याने मान वर करून बघायचंसुद्धा नाही, हे मला सहन होत नाही आणि व्हायला नको. चौथ्यांदा आम्ही सगळी कागदपत्रं परत दिली आणि आवक क्रमांक (कागद मिळाल्याच्या नोंदीचा नंबर) घेतल्याशिवाय हललो नाही. दोन महिन्यांत ड्रायर मंजूर झाला. तर आवक क्रमांक घ्या, तारखेसह, शिक्क्यासह, आणि त्याचा फोटो काढून ग्रामसभेच्या ग्रुपवर टाका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात ज्या सेवा येतात, दाखले वगैरे, त्यांना मुदत ठरलेली आहे, पण असे प्रस्ताव त्यात येत नाहीत, तिथे पाठपुरावा हाच एक उपाय.

गावाच्या ग्रामपंचायतीतलं सेवा केंद्र मात्र मला बरं वाटलं, केंद्रचालक मुलगा हुशार आहे, रेंज असली की काम करतो, नसली की अर्ज लिहून ठेवतो आणि रात्री तालुक्याला जाऊन भरतो. त्याचं मानधन वेळेवर मिळावं एवढं कोणीतरी बघा.

अडचणी लपवत नाही. मे महिन्यात तिथे कोणाला काही विचारू नका, अख्खं गाव तेंदूपत्त्यात असतं, पहाटे तोड, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) मोजून देणं, वर्षातला मोठा रोख पैसा त्यातच. तेव्हा आमचं पेमेंट, हिशेब, सगळं जूनपर्यंत थांबतं. जूनमध्ये पाऊस लागला की दोन नाले अडवतात. एकदा गाडी घेऊन गेलो आणि गावात मयत झालेली होती, माल मोजणार कोण, रिकामी गाडी परत आणली, सात हजार भाडं गेलं. मी मागितलं नाही, पण पुढच्या बैठकीत त्यांनीच विषय काढला आणि अर्धं भाडं कोषातून देऊ केलं. मी घेतलं नाही, पण त्यांनी विचारलं हे लिहून ठेवते. फोन एकाच माणसाकडे असणं हीसुद्धा अडचण होती, आता दोन बायकांचे नंबर आहेत आणि त्या जास्त पटकन उचलतात.

अर्धा स्टार कापलाय तो फक्त निरोपाच्या उशिरासाठी, आणि त्यात गावाची चूक किती आणि टॉवरची किती हे तुम्हीच ठरवा. कोणासाठी योग्य? वर्षाला पाच-दहा क्विंटल घेणाऱ्या, निदान तीन वर्षं टिकणाऱ्या, आणि स्वतः जाऊन जमिनीवर बसायची तयारी असलेल्या माणसासाठी. महिन्याला टनावारी हवंय, दर आठवड्याला रिपोर्ट हवाय, मोठा बोर्ड लावायचाय, अशांसाठी नाही. पहिल्यांदा जाल तेव्हा डिसेंबर-जानेवारीत जा, धान घरात आलेलं असतं, मोहाला अजून वेळ असतो, लोकांकडे बसायला सवड असते. तुमचं सॅम्पल न्या, भाव बोलायच्या आधी त्यांना खाऊ द्या. आणि पेसा मोबिलायझरला (ग्रामसभेच्या कामात मदत करणारा गावपातळीवरचा कार्यकर्ता) आधी फोन करून बैठकीची तारीख विचारा, आपली तारीख त्यांच्यावर टाकू नका.

या वर्षी बायकांनी नवीन विषय काढलाय. ड्रायर आला, गोदाम होतंय, तर अख्खा मोह तुम्हाला कशाला द्यायचा, पावडर आम्हीच करून देऊ, भाव वेगळा. माझ्या नणंदेने हिशेब करून बघितला, आमचा दळायचा खर्च आणि वाहतूक दोन्ही वाचतात, आणि गावात आठ-दहा जणींना पावसाळ्यात काम मिळतं जेव्हा दुसरं काही नसतं. फेब्रुवारीच्या बैठकीत ठरेल. त्याआधी जानेवारीत पल्व्हरायझर (पावडर दळायचं मशीन) दाखवायला घेऊन जातोय. सिंगल फेजवर चालणारा घेतलाय, दुकानात लावून बघितला, घरच्या मीटरवर लावून बघितला, आणि गावातल्या पोराला फोन करून संध्याकाळी सातला समाजमंदिरात व्होल्टेज किती असतं ते मोजून कळवायला सांगितलंय.